भाचीची फी आणि भलतीच सावली

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? भावजींचा राग कसा आहे? (दोन्ही थंडीत वाढतात, म्हणून एकदमच विचारतो.)

तू धाडलंस तसा विद्यापीठात जाऊन आलो. चित्रपट-अभ्यासाला फी किती, तिथं कसली मुलं शिकतात, ते बघायचं आणि ‘पोरीला पाठवण्यात अर्थ नाही’ असं कळवायचं, हे तुझं सांगणं मी पाठ केलं होतं. पण कार्यालय समजून भलत्याच दारातून शिरलो. आत मिट्ट काळोख. चाळीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस अंधारात काय करणार? बटण शोधून दाबलं. तीस जण एकदम ओरडले आणि पडद्यावरचं चित्र पार पुसलं गेलं. शिकवणाऱ्या बाईंनी (तुझ्या लेकीहून फार मोठ्या नसाव्यात) शिक्षा म्हणून मला बसवून घेतलं आणि शेवटी विचारलं, “काका, काय दिसलं?” मी म्हटलं, “कंदील पडद्यावरच्या म्हातारीच्या डावीकडे, मग सावलीही डावीकडेच कशी?” बाईंनी तो तुकडा तीनदा फिरवला आणि उरलेला तास माझ्या सावलीवर गेला!

मग मुलांनीच मला कार्यालयात नेलं. तिसांत एकोणीस मुली. निम्मी लहान गावांतली. एक नर्स नोकरी सांभाळून येते, एक ग्रंथपाल तर बावन्न वर्षांचे. तू म्हणतेस तसा केस वाढवलेला एकच सापडला, तो गणितात पहिला आलेला. फी ऐकून मात्र मी टेबल धरलं: वर्षाला नव्वद हजार, कॅमेऱ्याची अनामत निराळी. कारकुनानं पाणी पुढे केलं (रोज दोन-तीन पालकांना लागतंच म्हणाला) आणि मग दुसरा कागद काढला. चांगल्या गुणांवर निम्मी फी माफ. तिसांतल्या अकरा जणांना मिळाली आहे. पोरीचे गुण त्यात आरामात बसतात.

तेव्हा पाठ केलेलं लिहायला हात धजत नाही. मला वायरिंग शिकायला पाठवा म्हणून तू आबांशी आठवडाभर अबोला धरला होतास. आता माझ्याशी धरू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. पालकाच्या सहीची जागा कोरी आहे. तुझी सही रद्दी कागदावर करून पाहिली, पण शेवटचा फटकारा जमेना.

आणखी एक : पोरगी मैत्रिणीकडे नाही, परवापासून इथंच आहे. खांद्यावरून हे वाचतेय. म्हणते, “मामा, एवढं लांबण कशाला? आईला नुसतं ‘ये’ म्हण.”

ये.