कासवाची हिरवी टिकली

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी नियमित. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये नवा तक्ता लागलाय. प्रत्येक मुलाच्या नावापुढे रंगीत टिकली. लाल म्हणजे वाचता येत नाही, पिवळी म्हणजे अडखळत, हिरवी म्हणजे अख्खी गोष्ट घडाघडा. गणिताचंही तसंच. डिसेंबरात पुन्हा मोजणार. ज्याच्या वर्गात सगळ्यात जास्त टिकल्या रंग बदलतील, त्याला वरच्या ऑफिसात प्रशिक्षकाची जागा. फळा, खडू, शेंबडी नाकं, सगळ्यातून सुटका. ही जागा मला डोळ्यांसमोर ठेवूनच काढली असावी.

११ सप्टेंबर
पहिली चाचणी मुद्दाम मैदानाच्या तासानंतर घेतली. मुलं धापा टाकत होती. एकेकाला बोलावलं, पुढ्यात पान, माझ्या हातात स्टॉपवॉच. जवळजवळ सगळे लाल. उत्तम! सुरुवात जितकी खाली, तितकी चढण उंच दिसते. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी सकाळी घेतली, मुलं ताजीतवानी असताना. भोळ्या आहेत बिचाऱ्या.
भाचीही लाल. ती माझ्याच वर्गात. घरी मामा, शाळेत सर, म्हणून घाईत मला 'मामासर' म्हणते. पाय मुरगळल्यामुळे ती मैदानावर गेलीच नव्हती, बाकावर बसून होती. तरी एक शब्द लागला नाही. असो, आकडेवारीला मदत.

१२ सप्टेंबर
बहिणीला सांगितलं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. नवरा गेल्यापासून मायलेकी माझ्याकडेच. तिला कुठून तरी कळलंय की जानेवारीपासून वाचनवर्गाच्या खास बाई येणार, फक्त लाल टिकलीवाल्यांसाठी, जागा मोजक्या. म्हणाली, दादा, हिला तिथे घाल. मी म्हटलं, घरात मामा असताना परक्या बाई कशाला? ती म्हणाली, मामा चार वर्षं घरातच आहे. तिच्या बोलण्यात हल्ली लाँड्रीची वाफ असते.

३ ऑक्टोबर
आनंदाची बातमी. डिसेंबरातही तेच पान, तीच गणितं. तुलना अचूक व्हावी म्हणून, असं परिपत्रकात आहे. ज्याने लिहिलं त्याचं भलं होवो. उद्यापासून रोज पहिला तास कासवाचा. (पानावरची गोष्ट: तळ्यातल्या कासवाला डोंगर बघायचा असतो.)

२२ ऑक्टोबर
वर्ग कासवमय. मधल्या सुट्टीतही पोरं तेच म्हणत उड्या मारतात. भाची तर खिडकीबाहेर बघत वाचते. पानाकडे ढुंकूनही न बघता वाचणं, याला वाचनातली सहजता म्हणतात.
संकल्प: इतर धडेही घ्यायचे. पुढच्या आठवड्यापासून.

१४ नोव्हेंबर
इतर धडे राहिले. बहिणीची तक्रार: हिला दुकानावरची पाटी वाचता येईना. म्हटलं, पाटी अभ्यासक्रमात नाही. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

१० डिसेंबर
चाचणी! सकाळी घेतली, पोरांना आधी पाणी पाजून, पाठ थोपटून. हिरवंगार. भाचीने गणितात मी पान उलटायच्या आतच 'सत्तावीस' म्हणून टाकलं. उत्तर सत्तावीसच होतं. आत्मविश्वास! क्षणभर वाटलं, हिची एकटीची टिकली लालच ठेवावी, वाचनवर्गात जाईल. पण हिरव्या शेतात एकच लाल ठिपका डोळ्यात खुपतो. आणि सख्ख्या भाचीवर अन्याय का करायचा?

१५ डिसेंबर
माझा वर्ग पहिला. शेजारच्या बाईंच्या जेमतेम चार टिकल्या बदलल्या. त्या म्हणाल्या, माझी चार खरंच वाचतात हो. मत्सर माणसाला असा बोलायला लावतो. घरी बहीण रडली. आनंदाने. भाचीला जवळ घेऊन म्हणाली, माझी पोर वाचायला लागली. मीही डोळे पुसले.

१२ जानेवारी
प्रशिक्षकाचं काम सुरू, तूर्त शाळा सुटल्यावर. इतर शाळांतल्या शिक्षकांना 'प्रगती कशी मोजावी' हे सांगतो. चहा-बिस्किटं बरी असतात. त्यामुळे भाचीला घरी न्यायला मला जमत नाही. बहिणीची संध्याकाळची पाळी. ती म्हणाली, आता वाचता येतं ना, मग येईल एकटी बसने. मला विचारलं, येईल ना रे दादा? म्हटलं, डोळे मिटून येईल.
शाळेच्या स्टॉपवरून एकाच नंबरच्या दोन बस सुटतात. एक जुन्या पुलावरून, म्हणजे घरी. दुसरी नव्या पुलावरून, थेट गावाबाहेरच्या डेपोत. फरक फक्त पाटीवर लिहिलेला.

२० जानेवारी
लिहवत नाही. थोडक्यात लिहितो. भाची काल नव्या पुलाच्या बसमध्ये चढली. आम्ही पोचलो तेव्हा डेपोत रिकाम्या बसच्या मागच्या सीटवर बसली होती. फ्रॉक ओला. कंडक्टर म्हणाला, पाटी वाच म्हटलं तर पोरगी कासवाचं काहीतरी बोलायला लागली, डोक्यावर परिणाम झालाय का हिच्या? घराच्या दारात आल्यावर बहीण एवढंच म्हणाली, तू म्हणालास म्हणून सोडली रे मी तिला.
पाट्या फार उंचावर लावतात. तक्रार केली पाहिजे.

२१ जानेवारी
भाची शाळेत जायला तयार नाही. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते. वाचनवर्गात एक जागा रिकामी झालीय. मोठ्या बाई म्हणाल्या, हिरवीला कसं घेऊ? तुमची चाचणी चुकली असं लिहून द्या, लगेच घेते. बहीण म्हणाली, मग लिही की, हात मोडलाय का? लिहिणारच आहे. पण प्रशिक्षकाचीच चाचणी चुकली म्हटलं तर जागेवर पाणी. कायम झाल्याचं पत्र आलं की दुसऱ्याच दिवशी लिहून देतो. पक्कं.

९ फेब्रुवारी
पत्र आलं. कायम!
मोठ्या बाईंकडे गेलो. जागा गेल्या आठवड्यातच भरली. शेजारच्या वर्गातल्या एका लाल मुलाला. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.

१० फेब्रुवारी
बहीण खोली शोधतेय. हॉस्पिटलच्या मागे, चालत जाता येईल अशी. बस नको, म्हणाली.
संकल्प केला: आजपासून भाचीला स्वतः शिकवायचं. नवं कोरं पुस्तक आणलं. पहिल्या पानावर पाऊस, छत्री, बेडूक. तिने बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि हळू आवाजात सुरुवात केली, तळ्यात एक कासव राहत होतं. बोट ओळीवरून नीट सरकत होतं. पान संपलं, कासव अजून डोंगराच्या पायथ्याशीच होतं. ती तिथेच थांबली, माझ्याकडे बघत.
माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. सवयीने दाबलेलं. वेळ डिसेंबरपेक्षा चांगली.