तलाव बुजवण्याआधी एक दिवस जाळे टाकू देण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, कोसमघाट,
जि. चंद्रपूर

अर्जदार : मुखरू डोमा मारबते, धंदा मासेमारी (सध्या बंद), रा. बोरखळ

विषय : बोरखळच्या तलावात मुलगा लहानू याचा शोध घेण्यास एका दिवसाची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : 'अर्ज अपूर्ण' असा शेरा मारून परत आलेला अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज.

महोदय,

१. बोरखळच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाला लागून बारूद कारखान्याची भिंत आहे. दोन वर्षांपूर्वी होळीनंतर कारखान्याची पॅकिंगची शेड फुटली. छप्पर, यंत्रे आणि आतली माणसे तलावात येऊन पडली. अर्जदाराचा मुलगा लहानू त्या शेडमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता.

२. त्या दुपारी आपण स्वतः तलावावर आला होता. पोलिसांपैकी कोणी पाण्यात उतरायला धजत नव्हते. आपण बूट काढून चिखलातून अर्जदाराजवळ आलात आणि म्हणालात, "मुखरूभाऊ, हे काम तुमच्या लोकांशिवाय कोणाला जमणार नाही. तलाव तुमचा आहे, तुमचाच राहील." अर्जदाराने हा शब्द पदरात बांधून घेतला. गावातले सगळे ढिवर जाळी घेऊन उतरले. जे हाती लागले ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणून त्यांनी ज्याचे त्याला दिले. लहानू मिळाला नाही.

३. ज्या जाळ्यात मेलेला माणूस येतो ते जाळे त्याच्यासोबत सरणावर ठेवतात. ते पुन्हा मासोळीवर टाकत नाहीत. ढिवरांची ही जुनी रीत आहे. त्यामुळे त्या आठवड्यात गावातली सगळी जाळी जळाली. शिवाय ज्या पाण्यात माणूस राहून गेला, त्या पाण्यातली मासोळी तो मिळेपर्यंत कोणी धरत नाही. तेव्हापासून गाव तलावाकडे पाहत बसले आहे. बाया मूल तालुक्याकडे धान कापायला जातात.

४. नुकसानीच्या पाहणीला बाबू आले. त्यांनी विचारले, जाळी स्फोटात जळाली का. अर्जदाराचा शेजारी कोलू म्हणाला, "नाई जी, आमीच जारली." बाबूंनी लिहिले की नुकसान स्फोटाने झालेले नाही. गाव अजून कोलूला टोमणे मारते, "काऊन रे हरिश्चंद्रा, एक डाव खोटं बोलला असता त तोंड सडलं असतं का?"

५. पुढे गावातल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेने मासेमारी केली नाही म्हणून तलावाचा ठेका रद्द झाला. वापरात नसलेली जागा म्हणून तोच तलाव त्याच कारखान्याला गोदाम बांधायला देण्यात आला. अर्जदार उतारवयात साक्षरता वर्गात अक्षरे शिकला. आदेश वाचायला त्याला अख्खी सकाळ लागली. खाली सही आपली होती. ती त्याने सून रंभाकडूनही वाचून घेतली, स्वतःचेच वाचणे चुकले असेल या आशेने.

६. लहानूबाबत कारखान्याचे म्हणणे असे की मढे मिळाले नाही, तेव्हा तो मेला असे धरता येत नाही, भिऊन पळून गेला असावा. चौकशीला आलेल्या शिपायाने रंभाला नवऱ्याचा सध्याचा पत्ता विचारला. ती म्हणाली, "पत्ता मालूम हाये मले. तलावात रायते. पण तेथी डाकवाला जात नाई." शिपायाने 'पत्ता सांगण्यास टाळाटाळ' असे लिहून घेतले.

७. आता भराव पडू लागला आहे. कारखान्याकडची बाजू बुजली. म्हणून अर्जदाराने एक दिवस जाळे टाकू द्यावे असा अर्ज केला. कचेरीने त्याला मासेमारी परवान्याचा नमुना भरायला दिला. त्यात माशाची जात, अंदाजे वजन आणि विक्रीचे ठिकाण विचारले आहे. अर्जदाराने ते रकाने कोरे सोडले, म्हणून अर्ज अपूर्ण ठरला. कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस म्हणाला, "बुढ्या, रोहू लिहून टाक नं. कोन पाहाले येते?" अर्जदाराने लिहिले नाही. लहानूच्या जागी मासोळीचे नाव घालायचे होते तर म्हातारपणी पाटी कशाला धरली, असे त्याला वाटले. सबब हा अर्ज साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने.

८. शेजारच्या गावात जाळे मागितलेले नाही. जे जळणार ते उसने मागता येत नाही. रंभाने पावसाळ्यापासून घरी नवे जाळे विणले, ते तयार आहे. विणीची घरे फार बारीक घेतली आहेत. आता मोठे काही उरले नसेल, हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

तरी विनंती की, भराव एक दिवस थांबवावा व अर्जदारास पाण्यात उतरू द्यावे. अर्जदार तलाव परत मागत नाही. तो आपण एकदा देऊन टाकला आहे. त्या दिवशी आपणही पाळीवर यावे. बूट काढण्याची गरज नाही, आता तिथे कारखान्याने सडक केली आहे.

आपल्या शब्दावर पाण्यात उतरलेला,
मुखरू डोमा मारबते
(सही स्वतःची)
बोरखळ, दि. १२ मार्च २००१

सोबत :
१) परत आलेला परवान्याचा नमुना. रकाने कोरेच आहेत.
२) जाळ्याचा उरलेला तुकडा, घरे किती बारीक आहेत ते आपण पाहावे म्हणून.