चिंचेचं सार आणि नवी कल्हई

१२ नोव्हेंबर १९४२
पाचवा महिना लागला. पपई उकिरड्यावर.

पिकलेली होती, मी कापलेली, अर्धी खाऊन झालेली. सासूबाईंनी ताटलीसकट उचलली, मागच्या दाराने फेकली, ताटली धुऊन परत आणली. म्हणाल्या, "एक गेलं तरी अक्कल नाही येऊन राहिली."

दोन वर्षांपूर्वी मी सिहोऱ्याला व्याख्यान द्यायला गेले होते. परतल्यावर चौथ्या दिवशी पोटातलं गेलं. तिथे पपई खाल्ली, असा या घराचा निकाल. मी तिथे चहा नि दोन बिस्किटं घेतली होती. दोन वर्षं सांगते आहे. भरलेल्या सभेला गप्प बसवता येतं मला. स्वयंपाकघरातल्या एका बाईला एक वाक्य पटवता येत नाही.

यादी आज वाढली. पपई, तीळ, गूळ, वांगं, शेवगा. आणि पाचव्यानंतर आंबट बंद. काहून? तर 'गरम'. वांगं गरम, तीळ गरम, चिंच मेली तीही बाधते. या घरात थंड काय आहे ते मला ठाऊक आहे. आमचे व. कारखान्यातून आले, आईचं ऐकलं, बायकोचं ऐकलं, "चलो, जाऊ दे" म्हणून हात धुवायला गेले.

१६ नोव्हेंबर
आज जबलपुरात, नेपियर टाउनला. लेडी डॉक्टर. टांग्यात सासूबाई बरोबर, पहाऱ्याला.

"दूध, दही, हरी भाजी, संतरा, अंडा. सब खाओ." अंडा म्हणताच सासूबाईंचा पदर नाकाला. मी मुद्दाम पपईचं विचारलं. "कच्ची बिलकुल नहीं. पकी हुई थोड़ी चलेगी."

बाहेर पडताच सासूबाई : "कच्ची नको म्हणाली ना? मंग!" त्यांना अर्धंच वाक्य ऐकू येतं. मला दुसरं अर्धं आलं. आणि कच्च्याबद्दल त्यांचंच खरं निघालं, हे मी त्यांना कधीही सांगणार नाही.

आंबट? "जितना मन करे."
जिंकले. आजपासून दोन्ही वेळा चिंचेचं सार. मला फार आवडतं असं नाही.

२९ नोव्हेंबर
सार कळकलं. हिरवट रंग, जिभेला तांब्याच्या पैशाची चव. तासभर उलट्या. सासूबाई मोरीच्या दारात उभ्या : "सांगतलं होतं आंबट नको." हे बोलताना पाठ मात्र चोळत होत्या.

आंबटाचा दोष नाही, भांड्याचा आहे. पातेलं आतून पिवळं, कल्हई नावालाही नाही. बशीरभाई कल्हईवाला दिवाळीआधी आमच्या क्वार्टरांच्या ओळीपाशी भट्टी लावतो, यंदा लावली नाही. आज रस्त्यात गाठला. "राँगा कहाँ से लाऊँ बाईजी? जिधर से आता था उधर लड़ाई है. जो बचा, सरकार ले गई."

म्हणजे कथील नाही. लढाईला आहे, आम्हाला नाही. अंगाचा भडका उडाला.

६ डिसेंबर
महिला मंडळात बोलले. ऑगस्टपासून राजकारणावर बोलायचं नाही, असं व.नी कबूल करून घेतलंय. सरकारी कारखाना, सरकारी क्वार्टर. म्हणून भांड्यांवर बोलले. सरकारला भांड्यांतलं काय कळतं.

"लढाईच्या सामानाला लागेल तेवढं कथील मिळतं आणि गर्भारणीच्या पातेल्याला नाही! पपईला भिता, वांग्याला भिता, आणि विष रोज आपल्या हाताने ढवळता! घरी जाऊन नवऱ्यांना सांगा, ज्या हातांनी कारखान्यात लढाईचं सामान जोडता, त्याच हातांनी घरचं पातेलं आधी नीट करून द्या!"

टाळ्या. शेजारची कुसुम पहिल्या रांगेत, तोंड उघडं ठेवून ऐकत होती. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, माझ्या महिनाभर मागे. जाताना हात धरला. "ताई, तुम्ही बोलता तवा भीतीच नाही वाटत."
आज उत्तम बोलले.

११ डिसेंबर
व.नी कारखान्यातून येताना जेवणाच्या डब्यातून काहीतरी आणलं. बशीरभाईला मागच्या दारी बोलावलं. नवसागराचा धूर, ठसका, आणि पातेलं असं चकचकीत की तोंड पाहावं. पातेलं, दोन वाट्या, परात. "घे, तुझं भाषण," म्हणाले व. लग्नाला सहा वर्षं झाली. इतकी नेमकी भेट या माणसाने पहिल्यांदा दिली.

कथील कुठून आणलं ते विचारलं नाही. ज्याला त्याला प्रश्न विचारणारी मी. विचारलं नाही.

२३ डिसेंबर
ओळीतल्या बहुतेक घरांत कल्हई झाली. ज्याचा त्याचा नवरा डब्यातून आणतो, बशीरभाई मागच्या दारी येतो. कुसुमच्या घरी परवा. ती पातेलं दाखवायला घेऊन आली, सुनेचं मुखदर्शन करावं तसं पदराखालून काढलं. दोघी हसलो.

सासूबाई आंबटावरून अजून धुसफुसतात. मी मुद्दाम त्यांच्यासमोर वाटी तोंडाला लावते. उलटी नाही, मळमळ नाही. उलट सार हल्ली गोडसर लागतं. भांडं चांगलं असलं की चव येते, हेही त्यांना ऐकवलं.
बाळ हलतं. जेवल्यावर जास्त.

९ जानेवारी १९४३
कुसुमचं गेलं. सकाळी.

चार दिवस पोटात मुरडा होता तिला. मलाही आहे, आठवडाभर. शौचाला होत नाही, हातपाय गळतात. सातवा लागताना असंच असतं म्हणून कोणाला बोलले नाही.

दुपारी तिच्याकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाहेर बायकांचं न्यायालय भरलेलं. तिची सासू : "संक्रांतीचे लाडू बांधून राहिलो होतो. एक लाडू खाल्ला पोरीनं तिळाचा. माह्या डोळ्यांनी पाहिलं." सगळ्यांनी माना हलवल्या. एक लाडू! एका लाडवाने पाच महिन्यांचा जीव जातो, आणि शहाण्यासुरत्या बायका मान हलवतात! मी ओरडले. इतकी ओरडले की आमच्या सासूबाईंनी दंड धरून घरी आणलं.

आत कुसुमने सगळं ऐकलं असणार. मधे फक्त पडदा होता.

११ जानेवारी
सगळं लिहिणार.

मुरडा थांबेना म्हणून लेडी डॉक्टरकडे गेले, या वेळी एकटी. तिने नाडी पाहिली, पोट पाहिलं, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "आपके पति क्या काम करते हैं?" सांगितलं. "और खाना किस बर्तन में पकता है?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, नवी कल्हई केलेल्या.

"एक सफेद कपड़ा लीजिए. बर्तन के अंदर रगड़िए. काला उतरे तो राँगा खालिस नहीं."

घरी आले. धुतलेलं फडकं घेतलं, पातेलं आतून घासलं. काळं. पेन्सिलीने रंगवल्यासारखं. परात काळी. वाट्या काळ्या.

व. आले तेव्हा फडकं त्यांच्यासमोर धरलं.
"काय आणलं होतं डब्यातून?"
"जोडकामाची, सोल्डरची कांडी."
"त्यात काय असतं?"
"अर्धं कथील."
"आणि अर्धं?"
त्यांनी डबा मोरीवर नेऊन ठेवला.
"आणि अर्धं?"
"शिसं. अगं, पण अर्धं तर कथील होतंच ना. उघड्या पितळेपेक्षा बरं म्हणून... तू उलट्या करून राहिली होतीस. बशीर म्हणाला, चमक देईल पण जबाबदारी नाही. मला वाटलं, तो पैसे वाढवून मागतोय."

व.ला माहीत होतं. रोज ज्याने जोडकाम करतो, त्याची कांडी आहे ती, त्यात काय आहे हे झोपेतही सांगेल. मी पातेलं भिंतीवर फेकलं, त्याला पोचा आला. तोही रडला. तरी मला दया आली नाही.

ले. डॉ.चं एक वाक्य डोक्यातून जात नाही : पितळ उघडं असतं तर उलटी होऊन कळलं असतं. शिसं कळत नाही, गोड लागतं. आंबटात जास्त उतरतं. हिरडीवर निळी रेघ उमटते. माझ्या अजून नाही, पण रेघेची वाट बघायची नाही.

आणि मी महिनाभर दोन्ही वेळा सार प्याले. आवडत नसताना. एका म्हाताऱ्या बाईला हरवायला.

१४ जानेवारी
संक्रांत. कोणाकडे गेले नाही.

स्वयंपाक लोखंडी कढईत. अंडं एनॅमलच्या मगात मीच उकडते. सासूबाईंना सांगितलंय, भांडी बाधली. त्या विचारत नाहीत. सार मागत नाही, यावरूनच त्यांना काहीतरी कळलंय.

व. म्हणतात, ओळीत बोलू नकोस. "चोरीचा माल आहे. लढाईचे दिवस आहेत. नोकरीच नाही, जेल होईल. एकट्याला नाही, ओळीतल्या सगळ्यांना." मी म्हटलं, तोवर ओळ जेवते आहे. म्हणाले, "हळूहळू एकेकाला सांगतो मी." सांगितलं नाही. मी दारातून पाहते : मोरीवर तीच भांडी, तसंच लखलखतं पोट.

रागाला आज धड जागा सापडत नाही. सरकारवर काढावा, व.वर काढावा. पण नवऱ्यांना पातेलं नीट करून द्यायला सांगा, हे कोण म्हणालं होतं? टाळ्या कोणी घेतल्या होत्या?

१८ जानेवारी
ले. डॉ.ला विचारलं, कुसुमचं त्यामुळेच गेलं का? "हो सकता है. नहीं भी. कोई नहीं बता सकता." मला 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. व्याख्यान 'असू शकतं'वर उभं राहत नाही.

पण लाडवावर तरी कसं उभं राहिलं त्यांचं?

माझं डोहाळजेवण येत्या रविवारी. सासूबाईंनी ठरवलं. ओळीतल्या बायका प्रत्येकी एक पदार्थ घरून करून आणणार, रीत आहे. कुसुमला बोलवायचं नाही, तिचं नुकतंच गेलं, ओटीच्या वेळी नको. मी म्हटलं, ती नसेल तर मी पाटावर बसणार नाही. सासूबाई पाट पुसायला लागल्या. "बोलव बाप्पा. तू कोणाचं ऐकतेस."

२४ जानेवारी
झालं.

हिरवी साडी, फुलांची वाडी, पाट, समोर ताट. बायकांनी आणलेलं सगळं मांडलेलं. टोमॅटोचं सार, कढी, चिंचगुळाची आमटी, लिंबाचं लोणचं. सातव्यात आंबट चालतं म्हणे. मी मागितलं तेव्हा बाधत होतं. प्रत्येकीने आपलं सर्वांत चकचकीत भांडं आणलेलं. माझ्यासाठी.

कुसुम दाराजवळ, कोपऱ्यात. तिच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी.

डोहाळे विचारले, काय खावंसं वाटतं? मी उठून उभी राहिले. व. आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकावं एवढ्या आवाजात बोलले. भाषण नव्हतं ते, एकही वाक्य सजवलं नाही. कल्हई शिशाची आहे. शिसं बाधतं, पोटातल्या जिवाला आधी. माल कुठून आला तुम्हाला ठाऊक आहे, मी सांगणार नाही. करून घ्या म्हणून मी सांगितलं होतं, दोष माझा. हे कोणी खाऊ नका.

मग कुसुमची सासू : "तवा म्हणे करा, आता म्हणे टाका. काय खेळ लावला? खाऊन राहिलो, काही झालं का आम्हाला?"

आणि कोपऱ्यातून, इतक्या हळू की दोनदा विचारावं लागलं : "ताई... म्हणजे लाडवानं नाही?"

मी हजार सभा जिंकल्या असत्या तरी या प्रश्नासमोर उभी राहू शकले नसते. म्हटलं, "लाडवानं नाही, कुसुम. शिशानं झालं का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण लाडवानं नाही." ती रडली नाही. जागेवरून उठली, आपल्या सासूने आणलेलं आमटीचं भांडं उचललं, मागच्या दारी गेली. ओतल्याचा आवाज आला.

तिची सासू किंचाळली, "आता शिजवायचं कशात, ते तरी सांगा! मोठ्या आल्या भाषणवाल्या!"

खरंच, कशात? उत्तर दिलं आमच्या सासूबाईंनी. "मडकी संपली का जबलपुरातली? माह्या सासूनं जन्मभर मडक्यात डाळ शिजवली. उद्या मी जाते कुंभाराकडे. कोणाला येणं आहे?" दोघी उठल्या. बाकीच्या नाही.

ताटातलं कोणी खाल्लं नाही. ओटी भरायची राहून गेली.

२७ जानेवारी
अर्ध्या ओळीत मडकी. अर्ध्या ओळीत आमच्याशी बोलणं बंद. कोणीतरी कारखान्यात बोललं असावं. काल गेटवर सगळ्यांचे डबे उघडून पाहिले.

व. सकाळी धुतलेले कपडे घालून निघाले. म्हणाले, "आधी मीच सांगतो साहेबाला. माझ्यापासून सुरू झालं म्हणून. बाकीच्यांचं नाव नाही घेणार." मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. राग अजून आहे. तरी त्यांच्या कॉलरची गुंडी मी लावली. डब्यात अंडं दिलं, पहिल्यांदा, सासूबाईंच्या देखत.

ले. डॉ. म्हणाली, ठोके चांगले आहेत. बाकी जन्मल्यावर कळेल, पुढे वर्षभर पाहावं लागेल. इतक्या गोष्टी वाचल्या, आता वाट पाहणं तेवढं वाचून येत नाही.

पाळी सुटल्याचा भोंगा होऊन बराच वेळ झाला. ओळीतले पुरुष सायकली घेऊन आपापल्या घरात शिरले, एकेक करून. त्यांत व. नव्हते. आमच्या दाराकडे कोणी पाहिलं नाही. मी उंबऱ्यात उभी आहे, विचारायला तोंड उघडत नाही.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारायला रस्त्यावर उतरल्या आहेत.