‘हं’ म्हणायची सवय

ताई, तुला पूर्ण नमस्कार आणि दाजींना अर्धा, कारण त्यांनी माझ्या पत्राला उत्तर दिलेलं नाही.

माझं इथे छान चाललंय. दिवसभर हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते आणि कानात इयरफोन घालून पुस्तकं ऐकते. सगळी खऱ्या घडलेल्या गोष्टींची.

युद्धाची मला पटत नाहीत. तोफा किती, मेले किती, सगळं सांगतात. पण एवढ्या फौजेचे कपडे कोण धूत होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. बेपत्ता माणसांची रहस्यं बरी. पण परवा एकाने दहा तास डोकं खाल्लं आणि शेवटी म्हणे, ‘उत्तर सापडलं नाही.’ असा राग आला!

आईचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

लहानपणी तू गोष्ट सांगायचीस तेव्हा मला लागलेली ‘हं’ म्हणायची सवय अजून जात नाही. इस्त्री करता करता मोठ्यांदा ‘हं’ म्हणते. मुकादमबाई विचारतात, ‘कुणाशी बोलतेस?’

काल मुद्दाम ‘हं’ म्हणायचं थांबवलं. मी अशी गप्प झाले की तू लगेच थांबून विचारायचीस, ‘ऐकतेयस ना?’ तो वाचणारा मात्र बोलतच राहिला. मी आहे की उठून गेले, त्याला पत्ताच नाही.

तुझं ऐकायला बसलेली,
धाकटी