मुठीचा खटका

मार्गशीर्ष शु. ३, फसली १३४८. बाजारहत्नूर.

सकाळी बोटं उघडेनात. कोमट पाण्यात हात बुडवून बसले तेव्हा कुठे केस बांधता आले.

टेकडीपलीकडच्या वाडीचा दौरा, गरोदर बायका तपासायला. चढ लागला तशी नव्या सायकलच्या तीन चालींपैकी हलकी लावायला गेले. खटका उजव्या मुठीपाशी, एका बोटानं मागे ओढायचा. दुकानात सगळ्यांनी किती कौतुक केलं होतं त्याचं! ते बोट वाकेल तर ना. जड चालीवर गुडघे बोलायला लागले. ओढला कसाबसा, कळ थेट कोपरापर्यंत.

गिरजाला तपासलं. आठवा लागलाय. पोटावर हात ठेवला, पण डोकं कोणत्या बाजूला, बोटांना कळेना. सगळा हात चढावरच खर्ची पडलेला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "ठीक आहे" म्हटलं.

ठीक होतं की नाही, मला माहीत नाही. भीती वाटली.

शु. ५

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांना हात दाखवला. हात दाखवून अवलक्षण! म्हणाले संधिवात, हिवाळाभर जपा. मग पुढे, "दौरा बंद करू या का? आदिलाबादला तबादला मागतो तुमचा, वॉर्डात बसून काम." माणूस चांगला आहे, म्हणून जास्त राग आला.

वॉर्डात बसले तर वाडीला कोण जाणार? गिरजाची दोन मुलं गेली. दुसऱ्या खेपेला तिचा नवरा किसन छकडा घेऊन आला होता. आधी तो इथवर येणार, मग मी त्या छकड्यातून दगडाधोंड्यांवरून जाणार. पोचले तेव्हा मूल काळंनिळं होतं.  या खेपेला दिवस राहिल्यावर गिरजा एवढंच म्हणाली, "बाई, तुमी लवकर यान ना?"

येईन म्हटलं. म्हणून तर सायकल घेतली.

डॉ.सा.ना सांगितलं, गिरजा मोकळी होईपर्यंत थांबा. मान हलवली त्यांनी. 'हो' की कसं, कळलं नाही.

शु. ८. आदिलाबाद.

सायकलवाल्या रहीम मिस्त्रींच्या दुकानात बराच वेळ. चाकातलं यंत्र उत्तम आहे म्हणतात, भांडण फक्त खटक्याशी. त्यांच्याकडे जुन्या तऱ्हेचा एक निघाला. छोट्या दांड्यासारखा, टोकाला गोल मूठ. बोटांचं काम नाही, तळहातानं नुसतं लोटायचं. लोटून पाहिला. दुखलं नाही! दुकानात लहान पोरीसारखी पुन्हा पुन्हा लोटत बसले.

पण तो बसतो सायकलच्या आडव्या दांडीवर. माझी बायकी, तिला दांडीच नाही. "बाईसाब, जनानी में इसकू कां बिठाऊं?" खालच्या तिरक्या नळीवर बांधून बघितला. वाकून लोटायला गेले आणि दुकानासमोरच आडवी झाले. चहावाल्यानं धावत येऊन सायकल उचलली. आधी सायकल, मग मला.

मग मिस्त्री हळूच म्हणाले, "मर्दानी पे बैठेंगी?"

उद्या सांगते म्हटलं. रात्री भाच्याकडे मुक्काम.

शु. ९

'हो' म्हणून आले. माझं तीन चालींचं चाक एका जुन्या मर्दानी सायकलीत बसवलं. मुठीचा खटका दांडीवर. मधल्या खाचेत नीट बसला नाही तर पायडल मोकळंच फिरतं, तेवढं सांभाळायचं.

आता नेसायचं काय? दवाखान्याच्या पांढऱ्या पाचवारीत त्या दांडीवरून पाय टाकता येणार नाही. नऊवारी, कासोटा घालून, हाच उपाय. माझं एकही धड उरलेलं नाही. सासूबाईंची पांढरी लुगडी पेटीत आहेत.

शु. १०. घरी.

मागितलं. सा.बा. उसळल्या. "काऊन वं, गडीमाणसावानी टांग टाकून जाशीन? माह्यं लुगडं नेसून? लोक काय म्हनतीन, एक रांड दुसरीचं लुगडं नेसून गावभर फिरून राह्यली!"

मीही बोलले. नको ते. म्हटलं, लोक बाळंतपणाला येत नाहीत, मी जाते. जेवण झालं नाही कुणाचंच.

व. २

दवाखान्यामागच्या माळावर जुन्या फाटक्या लुगड्यात सराव. पाय टाकणं जमतं. खटका जमतो. ब्रेक आवळता येत नाही, उतारावर उतरून चालायचं. चालेल. घाई चढावरच असते.

सा.बा. अजून अबोल्यात आहेत. भाकरी मात्र गरम वाढतात.

पौष शु. ४. गिरजाच्या ओसरीवर, दुपार.

सकाळी किसन आला, धावतच. "गाडी नाई आनली बाई. तुमी सायकलीनं येतो म्हनलं होतं ना." दिवस भरायला अजून अवकाश होता. आणि नेमकी आजच थंडी अशी, की दोन्ही हात लाकूड झालेले.

आत गेले तर खाटेवर सा.बा.ंचं लुगडं घडी मोडून ठेवलेलं. कधी काढलं कुणास ठाऊक. गुंडाळलं, पण कासोटा खोचता येईना, बोटं मिटतच नव्हती. त्या मागून आल्या, खसकन ओढून खोचला, वर एक हिसका दिला. "सुटाचा नाई आता. जाय." रडू आलं. तसंच निघाले.

चढावर तळहातानं खटका लोटला, हलकी चाल लागली, उतरावं लागलं नाही. गावातली माणसं बघत होती. बघू देत.

वेळेवर पोचले. कळा अजून लांबलांब आहेत. गिरजा मला बघून एवढ्या दुखण्यात हसली, "बाई, झाशीला निघाल्या का?"

तपासलं. आज हाताला कळलं. मूल आडवं आहे. फिरवावं लागणार, बाहेरून नाही तर आतून. डॉ.सा. टेकडीपलीकडे, आदिलाबाद त्याहून लांब, इथे मीच आहे.

तिच्या सासूनं घंगाळात ऊन पाणी दिलंय. डावा हात त्यात आहे, उजवा आत्ताच पुसला. बोटं चालतात की नाही बघायला हे लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय. पण वाचता येतंय.

पुन्हा बुडवते. गिरजा हाक मारते आहे.