टँकरच्या रांगेतले दिग्दर्शक

काका, परवा कारखान्याच्या सभागृहात तुमच्या फोटोला हार घातला आणि चार शब्द बोलायला मला उभं केलं.

माजलगावच्या धरणाचा तळ दिसला तो दुष्काळ आठवतो ना? ऊसच नव्हता, म्हणून कारखाना बंद. तुम्ही टाइम ऑफिसातले बाबू, रिकामं बसायचं सोडून वसाहतीतल्या लोकांचं नाटक स्पर्धेसाठी बसवायला निघालात. नायिकेच्या कामाला तुम्हाला मी हवी होते, आणि मला तर ते काम जीव गेला तरी करायचं होतं. पण सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला. "भाऊ, ही नाटकात गेल्यावर टँकरला कोण उभं ऱ्हाईल?"

"मी ऱ्हातो की," तुम्ही म्हणालात. "हिचं पाणी मी भरतो, तुमी हिला सोडा."

"लोक काय म्हणतील?"

"येडा हाय म्हणतील. ते आताबी म्हणतेत."

आणि खरंच, रोज संध्याकाळी तुम्ही बायकांच्या रांगेत, हातात आमच्या घागरी. तालीम शेजारच्याच पटांगणात. मी वाक्य म्हणते, तुम्ही रांगेतूनच ओरडता, "पोरी, पुटपुटायलीस कावून? ऐकू येत न्हाई." बायका तोंडाला पदर लावून हसतात. एके दिवशी मला रडण्याचा प्रसंग काही केल्या जमेना. तुम्ही रांग सोडून रडून दाखवायला आलात, त्यात इतके रंगलात की टँकर निघून गेला. कोरड्या घागरी घेऊन तुम्ही सासूबाईंपुढे मान खाली घालून उभे राहिलात. संपलं माझं नाटक, असं वाटून मला तुमचा भयंकर राग आला होता. सासूबाईंनी घागरी हिसकावून घेतल्या. "तुमच्या भरवशावर घर तहानंनं मरंल. उद्यापासून मीच जाते पाण्याला. तुमी तेवढं हिला नीट शिकवा."

तेव्हापासून मी नाटकात आहे. आता त्यातलं थोडंफार कळतं, म्हणून लिहिते, रागावू नका. शिकवणं तुम्हाला बेताचंच जमायचं. ते रडणंसुद्धा तुम्ही लई वाईट केलं होतं, आणि स्पर्धेत आपल्याला काही मिळालं नाही यात नवल नव्हतं.

परवा मी तुम्हाला थोर दिग्दर्शक म्हणाले. टाळ्या पडल्या. हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून खरं सांगते. मला बोलायचं होतं ते वेगळंच. माझ्यासाठी एक माणूस पाण्याला उभा राहिला होता, एवढंच सांगायचं होतं. पण टाळ्या संपायच्या आत मी तशीच खाली बसले.