फ्रंटला कोण होतं

आबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज एका इंग्रजी शब्दापायी तुमची आठवण काढते आहे. निरगुडसरच्या शाळेत झेंडावंदनाला गुरुजींनी तुम्हाला "फ्रंटवर लढलेले जवान" म्हणून पुढे बोलावलं. मी वर्गात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तुम्ही माइक हातात घेतलात आणि म्हणालात, "गुरुजी, मी फ्रंटला न्हवतो. मागं लंगरात व्हतो, जवानांचा सैपाक करीत. समोरून गोळी येती, त्यो फ्रंट." पोरं हसली. घरी येऊन मी चुलीपुढे तुमच्यावर ओरडले, काय गरज होती सांगायची? तुम्ही पिठाचे हात तसेच धरून म्हणालात, "जे तिथं पडले, त्यांची जागा मी कशी घिऊ?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

आता तो शब्द कुणालाही लावतात. बँकेच्या खिडकीतला माणूस फ्रंटलाइन, घरपोच सामान आणणारा फ्रंटलाइन. साथीच्या वर्षी मंचरच्या आमच्या दवाखान्यालाही तो लागला. मी रेकॉर्ड रूमचं दार लावून केसपेपर लावत बसायचे. वॉर्डात जायची ती झाडलोट करणारी मावशी. उलट्या पुसायची, ज्यांच्याजवळ घरचेही येत नव्हते, त्यांना पाणी पाजायची. मी तिचा चहासुद्धा दारातून पायानं सरकवायचे, इतकी घाबरले होते. मग सत्कार झाला. यादीत माझं नाव होतं. मावशी ठेकेदाराकडून कामाला, तिचं नव्हतं. ती मागे खुर्च्या लावत होती. मी शाल घेतली, "फ्रंटलाइन वॉरियर" लिहिलेली फ्रेम घेतली, आणि माइकवर फक्त धन्यवाद म्हणाले. ती फ्रेम अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे.

परवा मावशी नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आली. पाणी पिता पिता फ्रेमकडे बघून म्हणाली, "लई झ्याक हाय, ताई. काय लिवलंय त्यात?" तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं, की मावशी, हे तुमचं आहे. पण मी म्हणाले, "काही नाही मावशी, त्या वर्षी कामावर हजर होते म्हणून दिलंय."

"व्हय की," ती म्हणाली, "व्हताच की तुमी आमच्यासंगं."

हे पत्र कुठं पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. आबा, तिचं ते ऐकून मला बरं वाटलं.